सनद मिळाली, पुढे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पण ही म्हण मोठ्यांसाठी आहे. चार वर्षांच्या पोराला पायरी चढायची आहे का, असं कोणी विचारत नाही. त्याला कडेवर घेऊन नेतात. आत गेल्यावर कोणीतरी उभं राहून सांगतं की मी या बालकाच्या वतीने हजर आहे. मग ते मूल आईकडे परत जाणार, आजीकडे जाणार की एखाद्या अनोळखी घरात, हे बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत ठरतं.

आता प्रश्न असा की जो माणूस उभा राहिला, त्याला काय काय यायला हवं? कायदा यायला हवाच. पण मूल म्हणजे काय, ते घाबरलं की कसं वागतं, तीन महिने हा काळ त्याला केवढा वाटतो, हे त्याला कोणी शिकवलंय का?

माझ्या डोक्यात हा किडा सोडला तो माझ्या मावसबहिणीने. ती अमेरिकेत असते. निवृत्त झाल्यावर तिथल्या कोर्टात मुलांसाठी स्वयंसेविका म्हणून काम करायला लागली. एक पैसा मिळत नाही. पण पहिली केस हातात येण्याआधी तिला ३० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, आणि नंतर दरवर्षी १२ तास. मी सहज विचारलं, "आणि वकिलांना किती तास?" ती हसली आणि म्हणाली, "ते ज्या त्या राज्यावर." त्या हसण्याचा अर्थ शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो. मी वकील नाही, त्यामुळे जे वाचलं ते साध्या भाषेत सांगतो.

या गोष्टीची सुरुवात बहुतेक जण १८७४ पासून करतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाची दहाएक वर्षांची मुलगी होती. जिच्याकडे ती राहायची ती बाई तिला रोज मारायची. एटा व्हीलर नावाच्या, गरीब वस्तीत फिरणाऱ्या एका सेवाभावी बाईला हे कळलं. कोणीच दाद देईना, तेव्हा ती प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. त्यांचे वकील होते एल्ब्रिज गेरी. यावरून एक दंतकथा पसरली, ती अजून भाषणांत ऐकू येते: मुलीला "प्राणी" ठरवून प्राण्यांच्या कायद्याखाली सोडवलं म्हणे. तसं काही झालं नव्हतं. गेरींनी हेबिअस कॉर्पसच्या कायद्यातलं एक फारसं न वापरलेलं कलम शोधून काढलं आणि मुलीला कोर्टापुढे आणवलं. अंगावर पांघरूण गुंडाळलेल्या, चेहऱ्यावर कात्रीची जखम असलेल्या त्या मुलीने स्वतः साक्ष दिली. मारणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षाअखेरीस न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या संरक्षणासाठीची संस्थाही उभी राहिली.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं फार कमी जण सांगतात. केस जिंकल्यावर मेरी एलनला कुठे ठेवलं? तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, त्यांतल्या काही वाया गेलेल्या समजल्या जाणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात. कायद्याने तिला सोडवलं आणि व्यवस्थेने तिला भलत्याच जागी नेऊन बसवलं. व्हीलरबाईंनी पुन्हा धडपड केली, तेव्हा कुठे ती त्यांच्या आईकडे आणि मग बहिणीकडे खेड्यात गेली. तिथे वाढली, लग्न झालं, मुलं झाली आणि १९५६ पर्यंत जगली.

मला या प्रसंगातच पुढचा सगळा इतिहास दिसतो. कलम शोधणं हे वकिलाचं कसब होतं आणि गेरींकडे ते होतं. पण "या मुलीने उद्या कुठे राहावं" हा प्रश्न कलमाचा नाहीच. त्यासाठी लागणारं ज्ञान वकिलाकडे नव्हतं आणि न्यायाधीशाकडेही नव्हतं. ते एका बाईकडे होतं, कारण ती गल्ल्यांतून फिरलेली होती.

पुढे १८९९ मध्ये शिकागोला पहिलं बाल न्यायालय सुरू झालं. कल्पना फार गोड होती. न्यायाधीश हा दयाळू वडिलांसारखा असेल, मुलाशी बोलेल आणि त्याच्या भल्याचं ठरवेल. वडील आणि मूल यांच्यात वकील कशाला? त्यामुळे जवळपास पन्नास-साठ वर्षं बहुतेक ठिकाणी मुलांच्या बाजूने वकील उभाच राहत नव्हता. न्यूयॉर्क राज्याने १९६२ मध्ये आपल्या कुटुंब न्यायालयाच्या कायद्यात मुलांसाठी वकिलाची सोय केली, ती फार लवकरची म्हणायला हवी.

या वडीलपणाचं खरं रूप १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट नावाच्या १५ वर्षांच्या मुलावर आरोप होता की त्याने शेजारणीला फोन करून अचकटविचकट बोललं. वकील नाही, सुनावणीची धड नोंद नाही, तक्रार करणारी बाई कोर्टात आलीच नाही. आणि निकाल? एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात, म्हणजे जवळपास सहा वर्षं. हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. न्यायमूर्ती फोर्टास यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की मुलालाही वकिलाचा हक्क आहे.

पण हा निकाल होता ज्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप असतो त्यांच्यासाठी. ज्यांनी काहीच केलेलं नसतं, ज्यांना मारलेलं असतं किंवा उपाशी ठेवलेलं असतं, त्यांचं काय?

त्यांची दारं उघडली ती डॉक्टरांनी. १९६२ मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली, तेव्हा वर्षभरातल्या ३०२ मुलांच्या नोंदी मिळाल्या. त्यातली ३३ दगावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. एक्स-रे काढला की वेगवेगळ्या वेळी मोडून जुळलेली हाडं दिसत होती. "पाळण्यातून पडला" हे उत्तर आता पुरेसं नव्हतं. पाच-सहा वर्षांत सगळ्या राज्यांनी अशा प्रकारांची खबर देणं बंधनकारक करणारे कायदे केले. आणि कोर्टात केसेसचा लोंढा सुरू झाला.

मग १९७४ चा केंद्रीय कायदा आला. त्यात राज्यांना सांगितलं गेलं की आमच्याकडून अनुदान हवं असेल, तर छळ-दुर्लक्षाच्या प्रत्येक कोर्टातल्या केसमध्ये मुलासाठी एक प्रतिनिधी नेमा. त्याला तिकडे "गार्डियन ॲड लायटेम" म्हणतात, म्हणजे त्या खटल्यापुरता पालक. उत्तम! पण हा पालक कोण असावा, त्याला काय यायला हवं, याबद्दल कायदा गप्प होता. मग झालं असं की बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी कोर्टात जो वकील मोकळा असेल त्यालाच नेमायचं. सकाळी कोणाच्या तरी दारू पिऊन गाडी चालवल्याची केस, दुपारी एखादा भाडेकरूचा वाद, आणि मधल्या वेळात एक बाळ.

तुम्ही म्हणाल, वकील शिकलेला असतो, घेईल समजून. इथेच खरी मेख आहे. साध्या खटल्यात वकील ढिला निघाला तर आपण काय करतो? ओरडतो, फी अडवतो, दुसरा वकील बघतो, गावभर त्याची अब्रू काढतो. या धाकानेच वकील तयारी करून येतो. पण चार वर्षांचं मूल हा असा अशील आहे की त्याला वकील बदलता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि आपला वकील वाईट होता हे कळायलाही त्याला वीस वर्षं लागतात. बाजाराचा धाक इथे चालत नाही. म्हणून या वकिलांना शिकवण्याची सक्ती बाहेरूनच कोणीतरी करावी लागते. मला या सगळ्या इतिहासाचं सार हेच वाटतं.

गंमत म्हणजे वकिलांनी आयुष्यभर शिकत राहायला हवं, ही सक्ती त्याच सुमारास सुरू झाली होती. मिनेसोटा राज्याने १९७५ मध्ये नियम केला की सनद टिकवायची तर तीन वर्षांत ४५ तास शिकलंच पाहिजे. आयोवानेही तेव्हाच केला आणि मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. पण कुठले ४५ तास? कुठलेही! मुलांच्या केसेस घेणाऱ्या वकिलाने सगळे तास मृत्युपत्रं आणि मिळकत कर यांवर काढले तरी हिशोब पूर्ण. तास मोजले जात होते. ते तास ज्याच्या उपयोगाचे हवेत, ते मूल त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

१९७७ हे वर्ष या गोष्टीत महत्त्वाचं. सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना रात्री झोप लागत नसे, असं ते स्वतः सांगत. मुलांबद्दल निर्णय द्यायचा आणि समोर माहिती तर अर्धवट. त्यांनी साध्या नागरिकांना स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण देऊन कोर्टात आणायचं ठरवलं. पहिल्या वर्षी ११० स्वयंसेवकांनी ४९८ मुलांचं काम पाहिलं. माझ्या मावसबहिणीचं काम याच झाडाची फांदी. त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये, डॉ. केम्प यांच्या गावी, मुलांच्या वकिलांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. एक्स-रे वाचणारे डॉक्टर आणि कलमं वाचणारे वकील एका खोलीत बसून एकमेकांकडून शिकू लागले.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला भाग. १९८० च्या दशकात मिशिगनमध्ये डोनाल्ड ड्यूकेट आणि सारा रॅमसे या दोन कायद्याच्या अभ्यासकांनी एक छोटा प्रयोग केला. मुलांच्या बाजूने तीन प्रकारचे प्रतिनिधी नेमले: कायद्याचे विद्यार्थी, सामान्य स्वयंसेवक (वकिलाच्या देखरेखीखाली) आणि वकील. तिघांना सारखंच प्रशिक्षण दिलं. त्यांची तुलना केली ती असं प्रशिक्षण न घेतलेल्या नेहमीच्या वकिलांशी. कोण सरस ठरलं? प्रशिक्षण घेतलेले तीनही गट एकमेकांच्या तोडीचे निघाले आणि तिघेही नेहमीच्या वकिलांपेक्षा बरे ठरले. म्हणजे फरक पडला तो सनदेने नव्हे, शिकण्याने. कायद्याच्या पदवीची किंमत कमी आहे असं मला म्हणायचं नाही (वकील मित्रांनो, लगेच नोटीस पाठवू नका). पण "वकील आहे म्हणजे येतच असेल" हे गृहीतक तिथे कोसळलं.

मग लगेच कायदा बदलला असेल? छे. प्रतिनिधीला "त्या भूमिकेला साजेसं प्रशिक्षण" मिळालेलं असावं, हे शब्द केंद्रीय कायद्यात आले २००३ मध्ये. १९७४ पासून मोजा, २९ वर्षं. पहिल्या वर्षी ज्या बाळासाठी प्रतिनिधी नेमला असेल, ते तोवर स्वतः आईबाप झालं असेल. आणि बालविकासाचं प्रशिक्षण हवं, हे स्पष्ट लिहायला २०१० उजाडलं.

मध्यंतरी अजून एक गोष्ट घडली, तिने मला "सतत शिकणं" यातल्या "सतत"चा अर्थ कळला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीवर लैंगिक अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. मुलं काहीच्या काही सांगू लागली, भुयारं वगैरे. खटला १९९० मध्ये संपला, एकालाही शिक्षा झाली नाही. मुलाखतींच्या व्हिडिओ टेप पाहिल्यावर लक्षात आलं की प्रश्न विचारणारी माणसंच उत्तरं सुचवत होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. "मूल खोटं बोलत नाही" असं ती मानून चालली होती. पुढे मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की लहान मूल खोटं बोलत नसेल, पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर त्याला वाटतं की आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं. म्हणजे १९८३ मध्ये जो वकील अगदी मन लावून शिकला असेल, त्याचं ज्ञान १९९५ मध्ये धोक्याचं ठरलं असतं. जोरात हलवल्यामुळे बाळाच्या मेंदूला होणाऱ्या इजेच्या निदानाबाबतही पुढे असेच वाद झाले. मुलाच्या वकिलाला हे माहीत हवं, आणि ज्या आईवर आरोप आहे तिच्या वकिलालाही हवं.

हो, आईचा वकील. तो विसरून चालणार नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूल कायमचं काढून घेण्याच्या खटल्यात गरीब आईला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असं काही नाही, ज्या त्या केसवर बघू. बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्याने तो दिला, हे नशीब. कारण पुष्कळदा मुलाचं भलं त्याची आई सावरण्यातच असतं. न्यूयॉर्क शहरात आईबापांच्या बाजूने वकील, समाजसेवक आणि स्वतः अशा प्रकरणातून गेलेले पालक, असा चमू करून काम करणारी कार्यालयं उभी राहिली. त्यांच्या कामाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चमूकडे असलेल्या केसेसमध्ये मुलं परक्या घरी सरासरी ११८ दिवस कमी राहिली, आणि त्यामुळे त्यांच्या सुरक्षिततेत कमतरता आली नाही. ११८ दिवस! आपल्याला एक पावसाळा, दोन वर्षांच्या मुलाला अर्धं आयुष्य वाटावं इतका काळ.

तर प्रशिक्षण दिलं की सगळं झालं का? नाही, आणि हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जॉर्जिया राज्यात २००५ मध्ये एका संघराज्य न्यायालयाने मुलांना परिणामकारक वकील मिळण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा अटलांटा ज्या काउंटीत येतं तिथे एकेका वकिलाकडे चारशेच्या वर मुलं होती. राष्ट्रीय संघटनेची शिफारस होती जास्तीत जास्त १०० ची. चारशे मुलांच्या वकिलाला तुम्ही बालमानसशास्त्राची पीएचडी द्या, त्याला मुलाचं नाव आठवलं तरी पुष्कळ.

२००९ नंतर मिशिगन विद्यापीठाने आणखी मोठा प्रयोग केला, वॉशिंग्टन आणि जॉर्जिया या दोन राज्यांत. वकिलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सहा कौशल्यं शिकवली, त्यातलं पहिलंच "मुलाच्या जगात शिरा" असं होतं. नुसतं दोन दिवसांचं शिबिर नाही, नंतरही गटाने भेटणं आणि सल्ला घेणं चालू. शिकलेले वकील निश्चित वेगळं वागू लागले, मुलाच्या आसपासच्या माणसांशी जास्त बोलू लागले. वॉशिंग्टनमध्ये पहिल्या सहा महिन्यांत कायमचं घर ठरणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलं. जॉर्जियात तसा फरक दिसला नाही. म्हणजे शिकवणं हे बी आहे, जमीन कशी आहे यावरही पीक ठरतं.

आणि माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर? कॅलिफोर्नियाच्या नियमात मुलांच्या केसेस घेणाऱ्या वकिलाला सुरुवातीला किमान ८ तास (किंवा अलीकडचा पुरेसा अनुभव) आणि नंतर दर तीन वर्षांनी ८ तास. स्वयंसेविकेला तीन वर्षांत ३६. आता मावसबहीण का हसली ते कळलं.

आपल्याकडे काय? २०१५ चा बाल न्याय कायदा काढून बघितला. बाल न्याय मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण द्यायचं, हे कायद्यात आहे. बालकल्याण समितीच्या सदस्यांना दोन महिन्यांत, तेही आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक प्रशिक्षित बालकल्याण पोलीस अधिकारी, तेही आहे. मुलाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळावा, हेही आहे. पण त्या वकिलाने किती दिवसांत काय शिकावं? प्रशिक्षणाच्या या कलमांत तो नाही. खुर्चीवर बसणारे आणि मुलाला घेऊन येणारे शिकून येणार, आणि मुलाच्या वतीने बोलणारा मात्र "येतच असेल" या भरवशावर. अमेरिकेत हाच भरवसा २९ वर्षं चालला. आपण तेवढी वाट बघायलाच हवी असं नाही, त्यांचा अनुभव आयता समोर आहे.

या दीडशे वर्षांत मुलांसाठी उभं राहणारी बहुतेक माणसं चांगलीच होती. शिकागोचे न्यायाधीश दयाळू होते, मॅकमार्टिनच्या मुलांना प्रश्न विचारणारे तळमळीचे होते. तळमळ कमी पडली असं क्वचितच झालं. कमी पडलं ते बसून, वही उघडून शिकणं.

असो. तुमच्यापैकी कोणी विधी सेवेच्या पॅनेलवर असाल आणि मुलांच्या केसेस केल्या असतील, तर पहिल्या मुलाशी बोलायला तुम्हाला कोणी शिकवलं, की शिकलातच नाहीत आणि त्या मुलावरच हात बसवलात, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.